वर ऊन होतं

मी बोलतेय ती स्कीच्या तळव्याखालून. बर्फाचा डोंगर पायांनी चढून स्कीवरून उतरणारे लोक मला चांगलं ओळखतात, बाकीच्यांना सांगावं लागतं. मी एक लांब, अरुंद पट्टी. माझ्या एका अंगाला डिंक, दुसऱ्या अंगाला आखूड, मागे झुकलेले केस. डिंकाचं अंग स्कीच्या तळाला चिकटतं. स्की पुढे सरकली की माझे केस निजतात, मागे घसरू लागली की उभे राहून बर्फ धरून ठेवतात. माझ्या जिवावर माणूस डोंगर चढतो. माथा आला की मला टर्रकन सोलतो, घडी घालून जाकिटात कोंबतो, आणि ज्या उतरणीसाठी एवढा खटाटोप केला ती उतरण मी कुणाच्या तरी बरगड्यांपाशी अंधारात काढते. ओरडणं, हसणं ऐकू येतं. दिसत काही नाही.

दूरच्या एका कारखान्यात मोठ्या गुंडाळीतून मला कापलं. माझी जुळी डाव्या पायाची, मी उजव्या. दुकानातून आम्हांला यास्नाने उचललं. यास्ना डोंगराखालच्या कुराकाउतीन गावची, मामाच्या बेकरीत पाव भाजणारी. पहिल्या दिवशी तिने माझे केस गालावरून फिरवले होते. ते मी विसरले नाही, म्हणून तर पुढच्या हेळसांडीचा जास्त राग आला.

यास्ना डोंगरावरून यायची आणि आम्हांला बेकरीत भट्टीजवळच्या खिळ्यावर टांगायची. ओल्या पट्टीला ऊब बरी, असं तिला वाटायचं. भट्टीच्या धगीने डिंक पाघळायचा. शेजारीच पीठ मळायची काथवट, तिथलं पीठ उडून माझ्यावर बसायचं. जुळी भिंतीच्या बाजूला असल्याने वाचायची. एकेका हिवाळ्यागणिक माझा डिंक पिठूळ होत गेला. मला बोलता आलं असतं तर मी रोज बोंब मारली असती.

यास्नाचे दोन दोस्त. ओविदियो लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवतो. उंच, हाडकुळा, आणि प्रत्येक गोष्टीत ‘मी सांगितलं होतं’ म्हणणारा. ग्रिसेल्दा इस्पितळाच्या धुलाईघरात काम करायची. ती थोडं बोलायची आणि शेवटचा शब्द तिचाच असायचा. तिघं शाळेपासूनची. लोंकिमाय ज्वालामुखीच्या माथ्यावर तिघांनी एकदम उभं राहायचं, हा त्यांचा जुना बेत. कधी वारा आडवा आला, कधी ग्रिसेल्दाचा बूट फाटला, कधी ओविदियोचा ट्रक बंद पडला. त्या ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, मात्र ग्रिसेल्दाच्या नवऱ्याला उत्तरेकडे कालामाच्या तांब्याच्या खाणीत नोकरी लागली. महिनाअखेरीला सगळं बिऱ्हाड वाळवंटात जाणार होतं. तिथे बर्फ कुठला. म्हणून यंदा जायचंच, असं ठरलं.

निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. अरौकारियाच्या झाडांमधून वाट वर जात होती. बर्फ रात्रीच्या थंडीने कडक झालेला. मी जीव लावून पकडत होते. झाडं संपली, उघडा उतार लागला आणि माझ्या शेपटाशी बर्फाचा एक कण शिरला. मग दुसरा. थोड्याच वेळात माझी शेपटी स्कीपासून सुटून बर्फावर फरफटू लागली.

“थांबा रे,” यास्ना म्हणाली. “पट्टी सुटली.”

तिने मला खरवडलं, जाकिटाच्या आत काखेत धरून गरम केलं, पुन्हा चिकटवलं. ओविदियो काठ्यांवर रेलून बघत होता.

“काय गं, हिच्यावर पाव मळतेस का? पांढरी फटक पडलीय.”

“तू तुझ्या ओंडक्यांचं बघ.”

“गेल्या वर्षीच मी सांगितलं होतं, जुना डिंक खरवड, नवा लाव. डबा माझ्याकडे पडलाय म्हटलं होतं.”

“तू म्हणालास रे. तू सगळंच म्हणतोस.”

“भांडा,” ग्रिसेल्दा म्हणाली, “पण चालता चालता भांडा.”

मी टिकले ते वळणावरच्या पहिल्या टेकाडापर्यंत. पुन्हा सुटले. आता चिकटपट्टीने मला स्कीला गुंडाळलं. चिकटपट्टी केसांवरून गेल्यामुळे माझी पकड गेली. यास्ना दोन पावलं चढायची, एक घसरायची. तिच्या श्वासात हुंदक्यासारखं काहीतरी येऊ लागलं. ओविदियो पुढे जाऊन थांबायचा, घड्याळ बघायचा. ते घड्याळ बघणं टोमण्यापेक्षा वाईट होतं. आणि हे सगळं माझ्यामुळे चाललंय, पण दोष माझा नाही, हे कुणाला सांगणार?

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी एक मोठा काळा खडक आहे. तिथे चिकटपट्टी फाटली आणि मी पूर्ण निघून आले.

“स्की काढून बुटांनीच चालत ये की,” ओविदियो म्हणाला.

“वर नुसता बर्फाचा कडा आहे. माझ्याकडे बुटांना लावायचे काटे नाहीत.” यास्ना खडकाच्या आडोशाला बसली. “तुम्ही दोघं जा.”

“तिघांनी जायचं ठरलंय,” ग्रिसेल्दा म्हणाली.

“तू परत कधी येणारेस इथे? जा म्हणते ना. मी थर्मास घेऊन बसते. उतरताना मला घ्या.”

 ग्रिसेल्दाने आपल्या डब्यातली तळलेली सोपाइपिया, भोपळ्याची पुरी, यास्नाच्या हातात ठेवली आणि ओविदियोच्या मागे निघाली. तिने दोनदा वळून पाहिलं.

यास्नाने मला पुन्हा जाकिटात घातलं, उगीचच, सवयीने; चेन अर्धीच ओढली, म्हणून फटीतून मला बाहेरचं दिसत होतं. तिचं अंग गरम होतं. हळूहळू माझा डिंक मऊ झाला, चिकट झाला. मला कळत होतं की आत्ता लावलं तर मी धरीन, शेवटच्या चढापुरतं तरी धरीन. पण तिने प्रयत्नच केला नाही. ती खाली बघत बसली होती. मी तिच्या बरगड्यांना चिकटून कुढत राहिले. तेवढ्यात दरीतून ढग वर आला. आधी झाडं गेली, मग खडक, मग तिचे स्वतःचे बूटसुद्धा दिसेनासे झाले.

“गेलं,” ती पुटपुटली. “त्यांनाही काही दिसायचं नाही आता.”

बऱ्याच वेळाने धुक्यातून स्कीचा खरखर आवाज आला. दोघं समोर येऊन थांबली. त्यांच्या भुवयांवर बर्फ होता.

“पोचलात?”

“पोचलो,” ओविदियो म्हणाला.

“काय दिसलं?”

ग्रिसेल्दा हातमोज्यांवरचा बर्फ झटकत राहिली. ओविदियो म्हणाला, “काही नाही. हेच. पांढरं. तुझं काही गेलं नाही, यास्ना.”

यास्नाने मान हलवली. तिचं अंग सैल झालं, हे मला आतून जाणवलं. तिघं खाली उतरली.

ट्रकच्या मागच्या बाजूला आम्हा सगळ्या पट्ट्यांना एकत्र फेकलं होतं. ओल्या पट्ट्या एकमेकींवर पडल्या की बोलणं निघतंच. ग्रिसेल्दाची पट्टी म्हणाली, “ढगातून डोकं बाहेर काढलं आणि ऊनच ऊन. खाली सगळा ढगांचा समुद्र, त्यातून इतर डोंगरांची टोकं वर आलेली, एकाच्या टोकाला धूर. ग्रिसेल्दा रडली. म्हणाली, तिला सांगू नकोस. ओविदियो म्हणाला, नाही सांगत.”

मला वाटलं, असू दे. चांगल्या मनाने केलंय.

पण पुढे काय झालं ते ऐका. ग्रिसेल्दा कालामाला गेली. दुसऱ्या हिवाळ्यात ओविदियो दोनदा ‘वर जायचं का’ विचारायला आला, तिसऱ्यांदाही आला. यास्ना पाव भट्टीत सरकवत म्हणायची, “कशाला? वर धुकंच तर असतं.” पहिल्यांदा हसत म्हणाली, नंतर हसणंही राहिलं. आम्ही खिळ्यावर. माझ्यावर आता डिंक कमी आणि पीठ जास्त. मी रोज मनात किंचाळायचे, अगं वर ऊन होतं. खालच्या काथवटीतल्या पिठालासुद्धा ऐकू गेलं नाही.

गेल्या आठवड्यात ओविदियो आला तो बेकरी बंद झाल्यावर. हातात डिंकाचा डबा, जुनी इस्त्री आणि कागद. काही न विचारता त्याने मला खिळ्यावरून काढलं, फळीवर ताणलं, कागद ठेवून इस्त्री फिरवली आणि जुना पिठूळ डिंक खरवडायला लागला. यास्ना दारात हात पुसत उभी.

“कोणी सांगितलं तुला हे करायला?”

“त्या दिवशी वर ऊन होतं,” तो म्हणाला. मान खाली घालूनच.

“काय?”

“ढग तुझ्यापर्यंतच होता. वर सगळं दिसत होतं, एका डोंगरातून निघणारा धूरसुद्धा. ग्रिसेल्दाने सांगू नकोस म्हटलं आणि मलाही ते बरं वाटलं. आता बरं नाही वाटत.”

 यास्नाने फोन उचलून कालामाला लावला.

“ग्रिसेल्दा, वर ऊन होतं म्हणे.”

पलीकडून आवाज आला, “त्या गाढवाने सांगितलं का?”

“गाढव तुम्ही दोघंही,” यास्ना म्हणाली. आवाज चिरकला होता. “मी एवढे दिवस धुक्यात बसलेय आणि तुम्ही...”

“मला वाटलं, तुला कमी दुखेल.”

“मला दुखू द्यायचं होतं. मी दुसऱ्याच आठवड्यात वर गेले असते.”

तिने फोन ठेवला. रडली नाही. ओविदियोसमोर स्टूल ओढून बसली, माझं दुसरं टोक घट्ट धरलं आणि म्हणाली, “इथे थोडा राहिलाय, नीट खरवड. आणि सांग. धूर निघत होता तो डोंगर कुठल्या बाजूला होता?”

तो सांगू लागला. ती मध्येच थांबवून पुन्हा विचारत होती, चिडून विचारत होती. नवा डिंक माझ्यावर पसरेपर्यंत तिने त्याच्याकडून सगळा माथा काढून घेतला.

आता मी कोरडी, घट्ट, कुणाच्याही हाताला सोडणार नाही अशी झालेय. पण गेले पाच दिवस पाऊस पडतोय. बर्फ खालून वर वितळत चाललाय आणि यास्ना दर तासाला दार उघडून आभाळाकडे बघते, दार आपटते. मी जुळीच्या शेजारी पिशवीत बसून तेच करतेय, फक्त मला दार नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे कुठे जास्तीचा एखादा कोरडा दिवस असेल तर तो आमच्याकडे पाठवा. एकच पुरे.