चिमाबाईच्या तळहातावर कापूर

गोकुळची व्हॅन बंद पडली की मांत्रिक झुंबरबाबा अर्धा तास मंत्र म्हणायचा आणि मग एका चावीत इंजिन सुरू व्हायचं. पाच दिवस सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. सहाव्या दिवशी सिल्वासाजवळच्या खडोलीच्या चढाखाली जत्राच भरली. पाळीवर निघालेले कामगारही सायकली थांबवून उभे राहिले.

"आज लिंबू नहीं चलेगा!" बाबाने डोळे गरगरा फिरवत चिमाबाईकडे बोट दाखवलं. "डाकीण गाडीत बसलीय. तिच्या हातावर कापूर पेटवा. पोळली तर डाकीण! नाही पोळली, तर पक्की डाकीण!"

बाई कशीही डाकीणच ठरणार, असा हा न्याय. तरी लोक माना डोलवत होते.

सामरवरणीहून कारखान्यात बायका पोचवायला गोकुळ लागोपाठ दोन फेऱ्या मारायचा. पहिली सुरळीत व्हायची, दुसरी इथे अडायची. दुसऱ्या फेरीत चिमाबाई असायची, त्याच्याच धुळ्याकडच्या गावची विधवा. "मावशी असली की गाडी बंद पडते," हे बाबाला गोकुळनेच सांगितलं होतं.

गर्दीतल्या दोघांनी चिमाबाईचं मनगट धरलं. तळहातावर कापराची वडी ठेवली. तिसऱ्याने काडी ओढली.

"गोकुळ, मना हात जळी जाई रे!" चिमाबाई गावच्या अहिराणीत ओरडली.

आड आलो तर आपल्यालाही डाकिणीचा माणूस ठरवतील, या भीतीने गोकुळ दोन पावलं मागे सरला. स्वतःची लाज वाटत होती, पण भीती लाजेहून मोठी होती.

"काडी विझवा आधी!"

सिल्वासात मोटार दुरुस्ती शिकवणाऱ्या धनश्री मॅडम स्कूटर टाकून गर्दीत घुसल्या. त्यांनी कापूर झटकून टाकला. मग गोकुळकडे वळल्या. "दादा, गाडी कधी बंद पडते?"

"दुसऱ्या... दुसऱ्या फेरीत. बाबाने अर्धा तास मंत्र म्हटले की सुरू होते."

"म्हणजे इंजिन तापल्यावर. बॉनेट उघडा."

इंजिन फिरतंय की नाही, ही खबर गाडीच्या कंप्युटरला देणारी एक वायर त्यांनी शोधली. वायर अखंड असली की वाजणारं मीटर तिच्या दोन्ही टोकांना लावलं. मीटर गप्प. वायरीवर बाटलीभर गार पाणी ओतलं, तसं मीटर 'पीं' करून ओरडलं.

"माझ्याच मंत्राने!" बाबा म्हणाला.

मॅडमनी टपरीवरून उकळत्या पाण्याची किटली मागवली आणि तीही ओतली. मीटर पुन्हा गप्प.

"आता म्हणा मंत्र," त्या म्हणाल्या. "वायर आतून तुटलीय. तापली की टोकं सुटतात, निवली की चिकटतात. तुम्ही अर्धा तास बडबडता, तेवढ्यात इंजिन निवतं."

कुणीतरी हसलं. बाबाने झोळी उचलली आणि चढ चढायला लागला.

"चूक माझी," गोकुळ सगळ्यांसमोर म्हणाला. "फेरी दुसरी असते, हे मला दिसलंच नाही. मला मावशी तेवढी दिसली. माफ कर, मावशी."

"मॅडम आल्या नसत्या तर?" चिमाबाईने विचारलं. ती व्हॅनमध्ये न बसता पायीच कारखान्याकडे निघाली.

मंडळी, मॅडम रोज वाटेत भेटत नाहीत. गाडी अडली तर वायर तपासा. आणि कुणी बाईकडे बोट दाखवलं, तर काडी पेटण्याआधी निदान एक प्रश्न विचारा.