सायकलची किल्ली आणि उन्हाचा आवाज

अप्पांना हृदयविकाराचा झटका आला, त्या दिवसापासून त्यांच्या सायकलची किल्ली आईच्या कमरेच्या पिशवीत गेली.

अप्पा म्हणजे माझे वडील, मन्मथअप्पा. घाटनांदूरला आमचं भुसार मालाचं दुकान. दुकानातून बाजारात, बाजारातून स्टेशनावर, तिथून शेतावर, असा त्यांचा सगळा दिवस सायकलवर जायचा. झटका दिवाळीच्या आधी आला. आता संक्रांत उलटली होती, डॉक्टरांनी चालायफिरायला सांगितलं होतं. पण आई, नीलाबाई, त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती.

"अर्धं काळीज मेलंय ह्यांचं," ती आल्यागेल्याला सांगायची.

"तू आत जाऊन बघून आलीस का?" अप्पा विचारायचे.

"न्हाई बघितलं. कुनी बघून सांगू द्या, मग देते किल्ली."

मी अंबाजोगाईला महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. त्या वर्षांत रंगीत टीव्हीपासून नव्या गाड्यांपर्यंत सगळंच बाहेरून यायला लागलं होतं, आणि अंबाजोगाईतल्याच एका दवाखान्यात हृदयाचं चित्र दाखवणारं यंत्र आलं होतं. मी फोनवर आईला सांगितलं, "आत बघता येतं. चिरफाड नाही, सुई नाही. आवाजाने बघतात."

"आवाजानं कसं दिसंल? डोळे कशाला दिलेत मग देवानं?"

"विहिरीत हाक मारली की खोली कळते ना, तसं. हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही एवढंच."

तिला पटलं नाही. अप्पांना लगेच पटलं. पुढच्याच सोमवारी दोघं जीपमध्ये बसून आली.

यंत्रावर डॉक्टर सत्यशीला होत्या. अप्पा सदरा काढून डाव्या कुशीवर झोपले. छातीवर, नेमकं जिथे यंत्राचा दांडा टेकवायचा तिथे, आम्ही लिंगायत गळ्यात बांधतो ते चांदीच्या करंड्यातलं इष्टलिंग होतं.

"हे जरा काढून ठेवा," डॉक्टर म्हणाल्या.

अप्पा उठून बसले. सदरा हातात घेतला. "चल गं, ईश्वरी. हे जल्मल्यापासून अंगावर हाय. हे काढून मला काळीज बघायचं न्हाई."

"अप्पा, इतक्या लांब आलात तुम्ही."

"लांब कुठं? जीपनं तर आलो."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागल्या. किल्ली मिळण्याची एकमेव वाट अप्पा स्वतःच बंद करून निघाले होते. तेवढ्यात दाराशी उभी असलेली आई पुढे आली.

"काढायचं कावून? पूजेला बसताव तसं हातावर घ्या की. दोरा गळ्यातच राहू द्या."

डाव्या कुशीवर झोपताना डावा हात डोक्याकडे वर घ्यायचाच असतो. अप्पांनी करंडा डाव्या तळहातावर घेतला आणि तो हात उशीवर ठेवला. छाती मोकळी झाली. डॉक्टर हसल्या आणि त्यांनी दांडा टेकवला.

"आता श्वास सोडा आणि थोडं थांबा."

इथे बहुतेकांची गडबड होते. फुगलेलं फुप्फुस आवाजाच्या वाटेत येतं आणि चित्र पुसट होतं. पण अप्पांच्या तळहातावर लिंग होतं. त्यांची नजर सवयीने तिथे स्थिरावली आणि श्वास आपोआप संथ झाला, रोज पहाटे पूजेत होतो तसा. पडद्यावर हृदय उमटलं. झडपा मिटत होत्या, उघडत होत्या.

"इतकं स्वच्छ चित्र फार कमी मिळतं," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा, आजी. खालच्या बाजूची ही भिंत मंद हलते आहे ना? झटक्याची इजा एवढीच. बाकीचं हृदय मजेत काम करतंय."

आई पडद्याला नाक लावायची तेवढी राहिली. "सारखं असंच चालू असतंय?"

"तुम्ही झोपलात तरी."

"मग मी सायकल चालवू?" अप्पांनी पडल्यापडल्याच विचारलं.

"सपाट रस्त्यावर, सावकाश. दम लागला, छातीत दुखलं, तर लगेच उतरायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

बाहेर येताच अप्पांनी आईपुढे हात पसरला. आईने पिशवीचा बंद आवळला. "बाई चांगली हाय, पर मंद हलतंय म्हनली का न्हाई? मग? मला भ्या वाटतंय."

अप्पांनी हात मागे घेतला. जीपच्या थांब्यावर ते एकदम मला म्हणाले, "ईश्वरी, आवाजानं दिसतंय. मग उजेड ऐकू येतो का?"

इतका चांगला प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता.

"येतो," मी म्हणाले. "रविवारी ऐकवते."

रविवारी घाटनांदूरच्या गच्चीवर मी सामान मांडलं. आतून काजळी धरलेली काचेची बाटली, तिच्या तोंडाला स्टेथोस्कोपची नळी, एक आरसा, एक भिंग आणि कडेने खाचा पाडलेली पुठ्ठ्याची चकती. चकती सायकलच्या मागच्या चाकाला बांधायची होती; सायकल मी शेजारच्या पोरांकडून कुलपासकट वर आणवली होती.

"आई, चाक मोकळं पाहिजे."

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग पिशवीतून किल्ली काढून कुलूप स्वतः उघडलं. "स्टँडवरून खाली घ्यायची न्हाई."

आरशाने ऊन भिंगावर पाडलं. भिंगातून ते खाचांतून जाऊन बाटलीतल्या काजळीवर पडत होतं. मी हाताने पेडल फिरवलं. ऊन तुटक तुटक पडू लागलं. ऊन पडलं की काजळी क्षणभर तापते, आतली हवा फुगते. सावली आली की निवते. हवेची ही धडधड म्हणजेच आवाज.

अप्पांनी नळ्या कानात घातल्या. त्यांचे डोळे मोठे झाले.

"भुंगा हाय! उन्हात भुंगा हाय!"

मी त्यांना सांगितलं, की परदेशात काही लोक अंगात उजेडाची चमक सोडून असाच आवाज ऐकू पाहताहेत. रक्त उजेड जास्त पितं, व्रण कमी. म्हणून दोघांचा आवाज वेगळा येईल. कधीतरी झटक्याची इजा तशीही दिसेल.

"म्हंजे काळीज सोताच सांगनार, कुठं लागलंय ते," अप्पा म्हणाले. "नीला, हिकडं ये. ऐक."

"मला न्हाई कळत त्यातलं."

"कळायचं काय त्यात? कान हायत ना?"

आईने नळ्या कानात घातल्या. ऊन सरकल्यामुळे मला आरसा धरावा लागला, म्हणून पेडल अप्पांनी धरलं. आई त्यांना रागावणार होती; तोंड उघडलंही होतं. ते तसंच राहिलं.

"अगं बया," ती पुटपुटली. "हे ऊन हाय?"

चाक मंदावलं. अप्पांचा वाकलेला हात अवघडला होता.

"आवाज पडला की! काय झालं?"

"चाक हळू फिरलं की सूर उतरतो, आई. जोरात फिरलं की चढतो."

"मग फिरवा की वो जोरात!"

"हातानं न्हाई जमत," अप्पा म्हणाले आणि टांग टाकून सीटवर बसले. स्टँडवरच्या सायकलचे पेडल त्यांच्या पायाखाली फिरू लागले. सूर चढत गेला असणार, कारण आईचं हसू चढत गेलं. तिने डोळे मिटले, एक हात नळीवर ठेवला आणि दुसरा हवेत नाचवत म्हणाली, "अजून! अजून थोडं!"

"दम लागला तर उतरीन बरं का," अप्पा म्हणाले.

"लागलाय का?"

"न्हाई."

"मग बोलत कशाला बसताव?"

ऊन कलल्यावर मी सामान आवरलं. अप्पांनी सायकल जिन्यावरून खाली उतरवायला घेतली, तेव्हा आईने पुढचं चाक धरलं. किल्ली कुलपातच होती. तिने ती बघितली, पण ती आत टाकायला पिशवीचा बंद सोडलाच नाही.

"स्टेशनापर्यंतच जा," ती म्हणाली. "येताना लिंबं आना."