बिघाडाचं कारण

हा तुकडा तुम्ही जाळलात, साहेब. तळहातावर मावेल एवढा – हेड गॅस्केटचा, तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमधल्या पट्टीचा, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा काळा, पापुद्रे सुटलेला – आणि कचेरीतून चिठ्ठी पाठवून तुम्ही विचारता, टँकरचं इंजिन एकाएकी जाम कसं झालं? एकाएकी! वीरण्णा मिस्त्रीने तो तुकडा उन्हाकडे धरला, मग बोटांनी चुरून टाकला. या साहेबाला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. सही तेवढी पाहिली होती – लांब शेपटीची, घरात पाणी भरलेल्या माणसाची सही.

एकाएकी काही होत नाही. इंजिन तर मुळीच नाही. परवा बोनेट उघडून त्याने तेल मोजायची पट्टी ओढली तर तेल ताकासारखं पांढुरकं… म्हणजे तेलात पाणी उतरलेलं, म्हणजे गॅस्केट गेलेलं, म्हणजे हेड वाकलेलं, म्हणजे गाडी मैलोन् मैल उकळत चाललेली – मागे टाकीत हजारो लिटर पाणी आणि पुढे रेडिएटर ठणठणीत कोरडा! – हे सगळं एका पट्टीवरून सांगितलं होतं त्याने, चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाने. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ही गाडी वाटणीत आली. भाऊ वेगळे निघताना थोरला कोणता बैल धाकट्याच्या दावणीला बांधतो, हे का सांगायला पाहिजे? चार वर्षं तिने खडी वाहिली. दुष्काळ पडल्यावर तुम्ही तिच्या पाठीवर टाकी ठोकलीत आणि शिरूर अनंतपाळच्या वाटेला लावलीत. गरमीचा काटा बंद. ड्रायव्हर सटवाजीने तीन अर्ज दिले, काटा बदला. तिन्ही अर्जांवर तीच शेपटी – ‘पाहिले’.

चौथा पिस्टन लायनरला, सिलिंडरच्या आतल्या नळीला, चिकटून बसला होता. कालपासून वर रॉकेल ओतून ठेवलेलं. आता खालून बाभळीचा दांडका लावून ठोकायचा, दुसरा इलाज नव्हता. दांडका सटवाजीने धरला होता.

“नीट धर. दांडका कशाला हलवायलास?”

“उपाशी हाय, मिस्त्री.”

“बायकोनं जेवायला घातलं न्हाई?”

“ती म्हनली, आधी नोकरी हाय का बघून या.”

वीरण्णाला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. त्याने घाव घातला. दुसरा. पिस्टन केसभर हलला.

“ती लुगडी का न्हाई काढली रे तू?”

“कशी काढू? पहिल्या खेपेला बायका हळदकुंकू घिऊन आल्या. गंगा आली म्हनल्या. म्होरल्या जाळीला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. दुसऱ्या गावानं बघितलं, त्येंनी बी नेसवलं. पाच गावं, पाच लुगडी. सोडाया गेलो तर त्यातली एक पारूबाई म्हनली, गंगेला उघडी करतूस व्हय रं? पानी आटंल, सांगून ठिवते.”

पाच लुगडी, एकावर एक. रेडिएटरला वारा लागणार कुठून? वाफ निघाली ती लुगड्यांत जिरली, आणि काटा तर मेलेलाच… तिसऱ्या घावाला पिस्टन निघाला. एका अंगाने सोललेला. वीरण्णाने लायनरमध्ये बोट फिरवलं. बोटाला ओरखडे लागले, खोल. लायनर नवा, पिस्टन नवा, हेड तासून आणायचं. सामान आलं तर चार दिवसांचं काम. आलं तर.

दुपारी रेणुकादास आले, कचेरीतले ज्युनियर इंजिनियर. स्कूटर सावलीत लावून त्यांनी कागद काढला. ‘बिघाडाचे कारण’ – रकाना एका ओळीचा.

“लुगडं नेसवल्यावर गाडी लाजली म्हणा, बसली जागच्या जागी,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग आवाज उतरवून, “वीरण्णा, ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढंच लिहून सही करा. सामान उद्या सुटतं. गाडी जुनी असं लिहिलंत तर फाइल जुन्या जिल्ह्याला जाणार, मूळ कागद तिकडे. ती काही लवकर परत येत नाही.”

“आन् सटवाजी?”

“रोजंदारीवरचा माणूस. दुसरा बघतील.”

सटवाजी तिथेच होता. एकच बोल्ट किती वेळ पुसत होता. वर न बघता म्हणाला, “लिव्हा, मिस्त्री. गावं तहानलीत. पर मला वाचून दाखवा, म्हंजी घरी काय सांगायचं ते कळंल.”

वीरण्णाने पेन घेतलं नाही. हात तेलकट आहेत म्हणाला. हात पुसता आले असते… पण दहा दिवसांपूर्वी हीच गाडी तेल बदलायला आली होती. जाळीवर पाच लुगडी होती तेव्हाही. मी – नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा मी – मला कळलं होतं. एक गाठ सोडलीही होती. बोटाला कुंकू लागलं. आमच्या गल्लीत नऊ दिवस नळाला थेंब नव्हता. मी गाठ परत मारली आणि हात जोडले. गळ्यातल्या लिंगावाचून कुणापुढे न वाकणारा मी, एका रेडिएटरला हात जोडून बाजूला झालो. हे सटवाजीने पाहिलं होतं. परवापासून त्याने ते एकदाही तोंडातून काढलेलं नाही.

म्हणजे सकाळपासून ज्याला शिव्या घालतोय त्याच्या शेजारी, त्याच बाकावर, आपणही… नाही. त्याच बाकावर नाही! पारूबाई भ्याली, सटवाजी भ्याला, मी भ्यालो – पाणी जाईल म्हणून. आमचा गुन्हा मी आमच्या नावानिशी लिहितो, ओळ पुरली नाही तर कागदाच्या कोऱ्या पाठीवर लिहितो. पण तुम्ही? तुम्ही कशाला भ्यालात, साहेब? रेणुकादास पेन पुढे करून उभे आहेत, सटवाजी ऐकायला उभा आहे… आधी तुम्ही सांगा. कशाला भ्यालात?