हाताशी सगळं

धाकट्या बहिणीच्या पत्राला दादांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र तरी केवढं! "तुझी लेक बाळंतपणाला माहेरी येणार असं कळलं. मी येऊ का? हो की नाही, तेवढं कळव." दादांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. लिहायला बसले की दुसऱ्यांच्या आधी स्वतःच्याच चुका दिसायच्या. 'ये' म्हणावं तर तिला राबवून घेतल्यासारखं, 'नको' म्हणावं तर तोडल्यासारखं. होता होता पत्र शब्दकोशाखाली गेलं, आणि लेक पोटावर टाके घेऊन, बाळासह घरी आली.

बहीण प्रसूतिगृहात बाळंतिणींना पलंगावरून उठवून चालतं करायची. तिथं तिला सगळ्या 'हवालदारीण' म्हणत. दादांना मात्र वाटे, अशा वेळी पडून राहावं, दुसरं काय? जावई बोटीवर, बायको जाऊन वर्षं झालेली. म्हणून त्यांनी लेकीच्या उशाशी स्टूल मांडलं. पाणी, औषधं, लंगोट, चार्जर, सगळं हाताशी. पडद्याच्या दोरीचं टोकसुद्धा पलंगाला आणून बांधलं.

"बाबा, आता न्हाणीघर तेवढं सरकवा इकडे," लेक म्हणायची. पण टाके ओढायचे, म्हणून तीही पडून राहायची.

एका दुपारी तिनं हाक मारली. "बाबा, पोटरीत गोळा आलाय. जरा दाबून देता?"

दादा संकोचून पायथ्याशी बसले, पांघरूण सारलं आणि पोटरीला हात लावला. ती कळवळली. पोटरी गरम होती, ताठ. त्यांची नजर सवयीनं दुसऱ्या पायाकडे गेली, परत या पायाकडे आली. मूळ प्रत आणि मुद्रित ताडून पाहावं तशी. दोन्ही जुळत नव्हते.

"थांबलात का? दाबा ना."

दादा उठले. एरवी ते फोनवर बोलायचं टाळत. आज मात्र त्यांनी बहिणीचा नंबर फिरवला.

"कोण, दादा? तू आणि फोन? सूर्य कुठून उगवला?"

"तिचा पाय सुजलाय."

बहिणीच्या आवाजातलं हसू पुसलं गेलं. "एक की दोन्ही?"

"एकच. गरम आहे. दाबून द्या म्हणते."

"दाबायचा नाही! चोळायचा नाही, तेल नाही, शेक नाही. आत रक्ताची गुठळी असली आणि सुटली, तर छातीत जाते. धाप लागते का, विचार तिला."

दादांनी विचारलं.

"थोडी लागते," लेक म्हणाली. "सकाळपासून. जागरणानं असेल. कोण आहे, आत्या? तिला कशाला घाबरवताय?"

"ऐकलं मी," बहीण म्हणाली. "रुग्णवाहिका बोलाव. आत्ताच्या आत्ता. पलंगावरून उतरू देऊ नकोस. ठेव फोन."

रुग्णवाहिका येईपर्यंत दादा बाळाला छातीशी धरून दारात उभे होते. एक डोळा जिन्याकडे, एक लेकीच्या छातीच्या वरखाली होण्याकडे. ती बोलायची थांबली की ते उगाच काहीतरी विचारत.

"बाबा, इतकं तर तुम्ही वर्षभरात बोलला नाहीत," ती म्हणाली, आणि वाक्य संपवताना तिला मध्येच श्वास घ्यावा लागला.

खुर्चीत बसवून तिला खाली नेलं. इस्पितळात तपासण्या झाल्या. गुठळी पोटरीत होती, तिचा छोटा तुकडा छातीपर्यंत पोचला होता. रक्त पातळ करायचं औषध ताबडतोब सुरू झालं. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "सावरतेय. तो पाय चोळला नाहीत, लगेच आणलंत, फार बरं केलंत."

दादांनी बहिणीला फोन लावला. "मीच तिला उठू दिलं नाही गं. सगळं हाताशी ठेवलं."

"दादा, बाळंतीण आहे ती. कपाटात रचून ठेवायचं पुस्तक नव्हे." मग आवाज मऊ झाला. "ऑपरेशननंतर गुठळी कुणालाही होऊ शकते. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. पण डॉक्टरांनी उठू दिलं की ती चालणार, आणि ते स्टूल तिथून हलणार."

"तू ये ना."

"तिकीट केव्हाच काढलंय. पण फोनवरचं उत्तर मी धरत नाही. पत्राला पत्र हवं."

लेकीला झोप लागली होती, बाळ नर्सबाईंकडे होतं. दादांनी खाली जाऊन दुकानातून पोस्टकार्ड घेतलं आणि काउंटरवर टेकूनच लिहिलं : 'हो. ये. आम्हाला तू हवी आहेस.'

समोरच्या रस्त्याकडेला टपालपेटी होती. पुन्हा एकदा वाचून पाहावं म्हणून चष्म्याकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला, आणि पत्र आत टाकलं.