दानियालचा सलाम

मी शकुन, अंगणवाडीची बाई. बार्शीटाकळीत तेरा वर्षं पोरांची वजनं करते आहे. पोराकडे नुसतं पाहिलं की मला कळतं, असा माझा तोरा होता. तो कुठे गेला ते सांगते.

दोन हजार सहाची गोष्ट. अंगणवाडीला लागूनच कुर्बान पिंजाऱ्याचं घर. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा त्याचा धंदा. ओळीने दोन वर्षं पिकं बुडाली, गावात लग्नंच लागेनात, मग गाद्या कोण भरणार? पिंजण खुंटीला टांगलेलं. अशा घरात लग्नानंतर नऊ वर्षांनी पोरगा झाला, दानियाल. सहा महिन्यांचा असताना तो सलाम करायला लागला.

झोपेतून उठला की त्याची मान एकदम पुढे पडायची, दोन्ही हात वर उडून छातीशी यायचे. क्षणभर थांबायचा, की पुन्हा तेच. दहा-पंधरा वेळा. आजी बिस्मिल्लाबी दर सलामाला म्हणायची, "जीते रहो, मेरे लाल!" बघायला गल्ली गोळा व्हायची. मीही टाळ्या वाजवल्या. "चाची, तुमचा नातू तं लय गुनाचा," म्हटलं. त्या घरात तेवढंच हसू उरलं होतं.

एकट्या निखतला, त्याच्या आईला, शंका आली. वजनाच्या दिवशी तिने हळूच विचारलं, "बाई, हा सलाम करते अन् मंग रडते कावून? आताशा माह्याकडं पाहून हासत बी नाही."

मागे वीस बाया ताटकळत होत्या. "पोटात वायू धरला असन," मी म्हटलं. "ओव्यानं शेक." वजन लिहिलं आणि पुढचं पोर घेतलं.

दोन महिन्यांनी अकोल्याला आमचं प्रशिक्षण होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिरगी म्हणजे तोंडाला फेस आणि हातपाय ताठ, एवढंच तुम्हाला माहीत. तान्ह्या पोराची वेगळीही असते. झोपेतून उठलं की अंग पुढे मुडपतं, हात उडतात, एकामागून एक झटके येतात. पोर रडतं. लोकांना वाटतं, दचकलं. हळूहळू ते हसायचं विसरतं. असं दिसलं की त्याच दिवशी दवाखान्यात आणा. डोकं रोज थोडं थोडं जातं."

बाकीच्या बाया लिहून घेत होत्या. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत मी एसटी पकडली.

"आव शकुनबाई," बिस्मिल्लाबी दारातूनच म्हणाली, "अब्बी उठा है. सलाम लेव." दानियालचं चालूच होतं. मी ऐकलेलं सगळं सांगितलं. चाची भडकली. "मेरे पोते कू मिरगी बोलती? तेरीच नजर लगी!" कुर्बान खाली मान घालून बसला. निखतने मात्र पोराला ओढणीत गुंडाळलं आणि बस स्टँडकडे चालू लागली. आम्ही सगळे तिच्या मागे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पोराच्या डोक्याला तारा लावून तपासलं. इंजेक्शनं सुरू केली. "रोजचे झटके मोजा," ते म्हणाले. "झटका थांबेचना तर कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, सरळ इकडे आणा. हे कधीपासून आहे?"

"ईद के बाद से," कुर्बान म्हणाला.

"मग इतके दिवस काय करत होता?"

पोटात वायू धरला असेल असं मीच म्हटलं होतं, ते मी सांगितलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

"झटके थांबतील," डॉक्टर म्हणाले. "गेलेलं किती परत येईल, ते सांगता येत नाही."

बिस्मिल्लाबीला लिहिता येत नव्हतं. तिने जपाची तसबीह काढली. एका झटक्याला एक मणी. पहिल्या दिवशी शंभर मण्यांची माळ पुरी होऊन वर बारा झाले. आठवड्याने चाळीस. मग नऊ. सोळाव्या दिवशी तिने माळ माझ्यापुढे धरली. एकही मणी सरकला नव्हता. मला रडूच कोसळलं.

मग ती नातवापुढे वाकली. कपाळाला हात लावून म्हणाली, "दानू, सलाम." पुन्हा म्हणाली. पुन्हा वाकली. दानियाल वरच्या पत्र्याकडे पाहत होता.

निखतने मला चहा आणून दिला. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही.

"बाई," ती म्हणाली, "मी तुमाले इचारलं होतं."

"हो," मी म्हटलं. "इचारलं होतं."