मित्सुएबाईंवर धरलेली कागदी छत्री

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे. कापडाची नव्हे, कागदाची. हसू नका. जपानच्या डोंगरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने बांबू चिरून माझ्या काड्या केल्या, त्यांवर कागद चिकटवला आणि त्याला पोटभर तेल पाजलं. अंगावर ठसठशीत काळ्या अक्षरांत एका पाहुणघराचं नाव लिहिलं, नि मी तिथल्या दारात उभी राहिले. पावसात पाहुण्यांना बसथांब्यापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. थांब्यावरच्या पिंपात मला ठेवून ते पुढे जात. माझं जग तेवढंच होतं.

एका पावसाळी सकाळी मित्सुएबाई आणि त्यांचे यजमान तेत्सुजी आमच्याकडून निघाले. पुढचा मुक्काम पलीकडच्या खोऱ्यातल्या पाहुणघरात होता. तिथे बाईंचे थोरले भाऊ शिगेओ उभा जन्म आचारी होते, आणि आजचा स्वयंपाक त्यांचा शेवटचा. उद्यापासून ते चूल सोडणार होते. त्यांच्या हातचं तिथलं जेवण बाईंनी आजवर एकदाही चाखलं नव्हतं.

पण आमच्याकडे पाहुणा दिसेनासा होईपर्यंत मालकीण दारात उभी राहून वाकते. ती वाकली की बाई मागे वळून वाकत. बाई वाकल्या की मालकिणीला पुन्हा वाकणं आलं. भर पावसात हे चाललं आणि बस डोळ्यांदेखत निघून गेली.

"आता बसलाही एक नमस्कार कर," तेत्सुजी म्हणाले आणि तरातरा स्टेशनची वाट चालू लागले. मला पिंपात ठेवायचं राहूनच गेलं.

पुढे दरड कोसळून गाडी अडकली. स्टेशनमास्तर एकेका प्रवाशापुढे वाकून माफी मागत होता, जणू दरड त्यानेच ढकलली. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. त्याने आपला फोन बाईंपुढे केला. बाईंनी पाहुणघरात कळवलं, "आम्हाला उशीर होईल. आमच्यासाठी जेवण ठेवू नका, आम्ही काहीतरी खाऊन घेऊ."

तेत्सुजी बघतच राहिले. "अगं, मग आपण जातोय कशाला? भिंती बघायला?"

"त्यांना खोळंबून कसं ठेवायचं? असं म्हणायचं असतं," बाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले.

शेवटी गाडी सुटली, पुढची बसही मिळाली. पण रस्त्यावर पाणी चढल्यामुळे ती घाटाच्या पायथ्याशीच थांबली. वरचा चढ पायी आला. तेत्सुजींनी मला अख्खी बाईंवर धरली.

"अहो, स्वतःवर घ्या ना थोडी."

"मी काय साखरेचा आहे विरघळायला? चल मुकाट्याने."

वाऱ्याने माझा कागद एके ठिकाणी टरकन फाटला. तरी मी जीव तोडून पाणी अडवलं.

पोचलो तेव्हा बाकीच्या पाहुण्यांची जेवणं उरकली होती. बाई दारातच वाकून माफी मागू लागल्या. तेवढ्यात आतून शिगेओदादा आले.

"जेवण ठेवू नका, असा निरोप होता," ते म्हणाले.

"हो दादा."

"नाही ठेवलं. गार झालेलं तुझ्यापुढे ठेवू होय? तांदूळ धुऊन ठेवलेत. आता चूल पेटवतो. जन्मभर पाहुणघराच्या वेळेवर रांधलं, आज माझ्या बहिणीच्या वेळेवर रांधीन."

मी परक्या घरची, त्यात फाटकी. तरी तिथल्या मालकिणीने मला कोपऱ्यात टाकलं नाही. पाणी निथळून उबेला उघडी ठेवली. पुढे ठिगळ लावून मला माझ्या घरी धाडलं, म्हणून तर आज बोलते आहे. मित्रांनो, ओली छत्री मिटून ठेवली की कुजते. तिला उघडून वाळवा. आणि कोणी दमूनभागून दारात येऊन "मला काही नको" म्हणालं, तर त्याचं मुळीच ऐकू नका.

त्या संध्याकाळी दारातून मला आतलं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आधी चूल तडतडली, नंतर भांडी वाजली. मग मित्सुएबाईंचा आवाज आला.

"दादा, अजून थोडा भात वाढ."