पात्याला चिकटलेला मणी

आमच्या साहेबांना प्रयोगशाळेत सगळे पाठीमागे फुगा म्हणतात. नाव मीच ठेवलं, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. पडद्यावर काहीही रंगीत दिसलं की फुगा खूश होतो. त्या दिवशी त्याला वर्तुळ दिसलं.

काम असं होतं. औषधाच्या एका कारखान्याची नवी पोलादी टाकी आमच्याकडे आली होती. लहान मुलांच्या फिट्सवरचं पातळ औषध पुढच्या महिन्यापासून तिच्यात ढवळलं जाणार होतं. आतली पूड नीट मिसळली नाही, तर काही बाटल्यांत नुसतं गोड पाणी जाणार आणि तळातून भरलेल्या बाटल्या जहाल होणार. पोलादातून आतलं दिसत नाही, म्हणून आम्ही मोहरीएवढा एक किरणोत्सारी मणी आत सोडतो. त्यातून पॉझिट्रॉन नावाचे कण निघतात, त्यातल्या प्रत्येकामुळे विरुद्ध दिशांना दोन किरण सुटतात, टाकीच्या दोन्ही बाजूंचे शोधक ते पकडतात, आणि या किरणांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे मणी असतो. तासभर त्याच्या मागावर राहिलं की आतला द्रव कुठे फिरतोय आणि कुठे ढिम्म बसलाय ते कळतं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी हेच औषध दिवसातून दोनदा घेते. त्यामुळे ही टाकी पास झाली काय आणि नापास झाली काय, मला सारखंच होतं असं म्हणायची सोय नव्हती.

मण्याचा माग कसा दिसायला हवा? मांजराने खेळून टाकलेल्या लोकरीसारखा. वर जातो, खाली येतो, कोपऱ्यात रेंगाळतो. आमच्या पडद्यावर मात्र एकच स्वच्छ वर्तुळ होतं, बरोबर ढवळणाऱ्या पात्याच्या मापाचं. मोटर मिनिटाला साठ फेरे घेत होती, मणीही साठच. शाळकरी पोरानेही ओळखलं असतं की मणी पात्याला चिकटलाय आणि द्रवाने त्याला बोटही लावलेलं नाही. फुगा म्हणाला, "काय देखणं अभिसरण आहे!"

मी गप्प राहिले. म्हटलं, बैठकीत पाहुण्यांसमोर याचं पितळ उघडं पडू दे, तेवढीच करमणूक. दुसरंही एक कारण होतं. मण्यावर द्यायचा लेप दिव्याखाली वीस मिनिटं वाळवावा लागतो. ते काम माझं. मला लवकर घरी जायचं होतं म्हणून मी मणी आठ मिनिटांतच उचलला आणि वहीत वीस लिहिलं. ओला लेप चिकटणारच.

बैठकीला कारखान्याचे मालक आले, गुणवत्ता विभागाच्या बाई आल्या आणि एक सल्लागार आला, ज्याच्या टायची गाठ त्याच्या डोक्यापेक्षा घट्ट होती. फुग्याने वर्तुळ दाखवलं. मी वाट पाहत बसले. कोणीतरी विचारेल, निदान त्या बाई तरी. सल्लागार म्हणाला, "वा, किती सुबक!" मालकांनी मान डोलावली. बाईंनी विचारलं, की हाच निळा रंग अहवालाच्या मुखपृष्ठावर घेता येईल का. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पगार घेऊन अक्कल घरी ठेवून आलेली माणसं! बाईंनी मंजुरीच्या कागदावर सही करायला पेन उघडलं, तशी मी उठले.

फुगा हसत हसत माझ्याजवळ आला, जणू चहाचं विचारायला.

"अहो, साठ फेरे मलाही मोजता येतात," तो हळूच म्हणाला. "लेप ओला होता ना? वहीत वीस मिनिटं आहेत. दिव्याच्या यंत्रात आठच नोंदलीत. पुन्हा प्रयोग करायचा तर कारण लिहावं लागेल. लिहू?"

इतकी वर्षं मी ज्याला मूर्ख समजत होते, तो मूर्ख नव्हता. तो नुसताच नीच होता.

"काय हवंय तुम्हाला?" बाईंनी मला विचारलं.

"पाणी," मी म्हटलं आणि खाली बसले. नोकरी जाईल, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता. सही झाली.

सगळे जेवायला गेल्यावर मी जिन्यात उभं राहून बहिणीला फोन केला.

"पुढच्या महिन्यापासून पोरीचं ते फिट्सचं औषध बंद कर. डॉक्टरांना दुसऱ्या कंपनीचं लिहून द्यायला सांग."

"का गं ताई?"

"सांगतेय ना मी."

"बरं बाई. तू म्हणतेस म्हणजे असेलच काहीतरी." मग तिला आठवलं. "अगं, आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोरालाही तेच चालू आहे. त्याच्या आईला पण सांगते. काय कारण सांगू?"

"तिला नको सांगूस," मी म्हटलं. "उगाच बोभाटा होईल."